हरसूलच्या ओढ्यात नसलेला मासा

केरळमधल्या संथ ओढ्यांत आणि पाणवनस्पतींनी भरलेल्या डोहांत फुग्या माशांच्या कुळातला एक चिमुकला मासा राहतो. पूर्ण वाढ झाली तरी त्याची लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या पुढे जात नाही, बहुतेक मासे अडीच सेंटिमीटरच्या आसपासच थांबतात. जगभरच्या या कुळात दोनशेच्या घरात जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक समुद्रात किंवा खाडीत राहतात, आणि आफ्रिकेतला एम्बू फुगा मासा तर हातभर लांबीचा होतो. त्यांच्या शेजारी हा केरळचा मासा म्हणजे बोटाचे एक पेर. त्याचे शास्त्रीय नाव कॅरिनोटेट्राओडॉन त्रावणकोरिकस. पिवळट-हिरव्या अंगावर काळसर ठिपके, एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरणारे डोळे, आणि गोगलगायीचे कवच फोडू शकेल अशी चोच, एवढ्या खुणांवर तो कोणालाही ओळखता येतो. तो जन्मभर गोड्या पाण्यात राहतो आणि अंडी घालायलाही खाडीत उतरत नाही. केरळ आणि दक्षिण कर्नाटक एवढाच त्याचा मुलूख. हा मुलूख सह्याद्रीचा, आणि त्याच सह्याद्रीच्या उत्तर टोकाला, नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात, हरसूलचा डोंगराळ भाग आहे. पाऊस भरपूर, ओढे भरपूर, गोगलगायी आणि पाणकिडेही भरपूर. तरीही हरसूलच्या पाण्यात हा मासा नाही, आणि त्याच्या कुळातला दुसराही कोणता मासा नाही. हे नसणे हाच या प्रकरणाचा विषय आहे. फुगा मासा दक्षिणेत कसा पोहोचला याचे उत्तर केरळातल्या पाण्यात जेवढे सापडते, तेवढेच ते उत्तरेतल्या या रिकाम्या जागेत दडलेले आहे, असे माझे म्हणणे आहे.

या माशाचे शास्त्रीय वर्णन 1941 मध्ये सुंदरलाल होरा आणि के. के. नायर यांनी केले. त्यांचे नमुने त्रावणकोर संस्थानातल्या पंबा नदीचे होते आणि जातीचे नावही त्या संस्थानावरून पडले. होरा हे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतले, पुढे 1947 पासून तिचे संचालक. भारतातल्या गोड्या पाण्यातल्या माशांवर त्यांच्याइतके काम त्या काळात दुसऱ्या कोणी केले नाही. त्यांचा नाशिक जिल्ह्याशी आलेला संबंध मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. फुग्या माशाच्या आधी तीन वर्षे, 1938 मध्ये, होरा आणि के. एस. मिश्रा यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात देवळालीच्या माशांवर लिहिले आणि दारणा नदीतल्या दोन नव्या जाती जगापुढे ठेवल्या. एक पॅराप्सिलोरिंकस प्रेटेरी, दगडांना चिकटून राहणारा छोटा मासा, आणि दुसरा पुंटियस फ्रेझेरी, छोट्या खवल्यांच्या माशांपैकी. म्हणजे ज्या अभ्यासकाने पंबेतला फुगा मासा ओळखला, त्याच्या हाताखालून हरसूलच्या शेजारच्या खोऱ्यातले मासेही गेले होते. फुगा मासा नजरेतून निसटण्यासारखा नसतो. त्याला बरगड्या नाहीत, पोटाखालचे पर नाहीत, अंगावर खवले नाहीत आणि तोंडात चार दातांच्या पट्ट्या जुळून झालेली चोच आहे. देवळालीच्या जाळ्यात तो आला असता तर होरांनी तो बाजूला ठेवला नसता. त्यानंतरही उत्तर सह्याद्रीच्या माशांच्या याद्या अनेकांनी केल्या आणि त्यांतही गोड्या पाण्यातला फुगा मासा नाही. म्हणून हे नसणे शोधाच्या अपुरेपणातून आलेले आहे, ही पहिली शंका फार वेळ टिकत नाही.

होरांचे नाव ज्या विचाराशी कायमचे जोडले गेले तो म्हणजे सातपुडा सिद्धांत. केरळच्या डोंगरओढ्यांतल्या अनेक माशांचे जवळचे नातलग मलाया, बोर्नियो, ब्रह्मदेश आणि आसामच्या डोंगरांत आढळतात, मधल्या भारतात मात्र ते दिसत नाहीत. 1940 च्या दशकात होरांनी यावर असे उत्तर सुचवले की, एके काळी आसामपासून राजमहाल, विंध्य, सातपुडा अशी डोंगरांची सलग माळ होती. वाहत्या, थंड, खळाळत्या पाण्याला सरावलेले मासे त्या माळेवरून पश्चिमेला सरकत सह्याद्रीच्या उत्तर टोकाला आले आणि तिथून दक्षिणेला उतरले. 1949 मध्ये या विचारावर एक परिसंवादही झाला. या नकाशात हरसूल, त्र्यंबक, सुरगाणा हा पट्टा वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा ठरतो. तापीच्या खोऱ्यापलीकडचा सातपुडा आणि अलीकडचा सह्याद्री यांची गाठ इथेच पडायची. फुगा मासा या वाटेने केरळला गेला असेल, तर त्याची एखादी तरी पाऊलखूण इथे राहायला हवी होती, निदान एखाद्या खोल डोहात अडकून पडलेला एखादा वंशज तरी.

हे म्हणणे तपासायचे तर आधी माशाचे शरीर पाहावे लागते. होरांच्या सिद्धांताचे खरे साक्षीदार म्हणजे खळाळत्या पाण्यात टिकणारे मासे. त्यांचे पोट चपटे असते, छातीचे पर आडवे पसरलेले असतात, काहींच्या हनुवटीखाली चिकटण्याची चकती असते. पॅराप्सिलोरिंकस हा त्यातलाच, आणि म्हणूनच तो खंडाळ्याच्या आणि देवळालीच्या ओढ्यांत राहू शकतो. फुग्या माशाची रचना याच्या नेमकी उलट आहे. त्याचे अंग गोल आहे. शेपटीचा झोत मारून तो पोहत नाही. पाठीवरचा आणि गुदद्वाराजवळचा असे दोन छोटे पर आणि छातीचे पर हलवत तो हळूहळू पुढे-मागे होतो, शेपटी मुख्यतः दिशा बदलण्यापुरती. अशा पोहण्याने पाणवेलींच्या गुंत्यात जागच्या जागी वळता येते, एका गोगलगायीवर नजर रोखून थांबता येते, पण प्रवाहाविरुद्ध चढता येत नाही. संकट आले की पोटात पाणी ओढून फुगायचे, हा त्याचा बचाव. फुगलेला मासा जवळजवळ पोहूच शकत नाही, प्रवाह नेईल तिकडे जातो. डोंगरकड्यांवरून एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाणाऱ्या प्रवाशाचे हे शरीर नव्हे. म्हणून होरांनी स्वतः ओळख पटवलेला हा मासा त्यांच्याच सिद्धांतात सर्वांत कमी बसणारा मासा आहे, असे मला वाटते.

इथे हरसूलकडचा कोणीही जाणता माणूस एक रास्त हरकत घेईल. पहिल्या दमदार पावसात चढणीचे मासे ओढ्यातून भातखाचरांपर्यंत येतात, बांधावरच्या पाण्याच्या धारेतूनही उड्या मारत वर जातात, हे इथल्या कोकणा, वारली आणि महादेव कोळी वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मासे चढत नाहीत असे कसे म्हणता? पण चढण कोणाची असते ते पाहावे. चढणारे मासे खवल्यांचे, कार्पच्या कुळातले, किंवा मिशांचे, शिंगाड्याच्या कुळातले. त्यांचे अख्खे अंग म्हणजे एक स्नायू असते, पावसाच्या पाण्याची चाहूल लागताच ते अंडी घालण्यासाठी उथळ पाण्याकडे झेपावतात आणि पाणी ओसरायच्या आत परततात. फुग्या माशाचे प्रजनन असे धावपळीचे नसते. नर मादीभोवती फिरतो, तिच्या पोटाला टोचतो, तिला शेवाळाच्या पुंजक्याकडे नेतो, आणि तिथे थोडी अंडी पडतात. चार-पाच दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि त्याच शेवाळातल्या सूक्ष्म जीवांवर वाढू लागतात. नराच्या पोटावर एक काळी रेघ असते आणि डोळ्यामागे बारीक सुरकुत्या, तेवढ्या खुणांवर पाळणारे लोक जोड्या ओळखतात. या सगळ्या जीवनक्रमाला लागते ती एकच गोष्ट, वर्षभर न हलणारे, हिरवळलेले पाणी.

आता हरसूलच्या पाण्याचा स्वभाव. या भागात वर्षाकाठी सुमारे 2000 मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. काळ्या बेसॉल्टच्या उतारावरून ते पाणी पश्चिमेला दमणगंगेच्या खोऱ्यात धावत सुटते. तळाशी मुळे धरतील अशा वनस्पती त्या लोंढ्यात टिकत नाहीत, दगडगोटेच सरकत राहतात. दिवाळीनंतर धार बारीक होते आणि मार्च-एप्रिलपासून बहुतेक ओढ्यांत फक्त डोह उरतात. जिथे एवढा पाऊस, तिथेच उन्हाळ्यात हंड्यासाठी कोसभर चालणाऱ्या बायका, हे त्र्यंबक-पेठ भागाचे दरवर्षीचे चित्र आहे, आणि माशांसाठीही तोच हिशेब लागू पडतो. आषाढात लोंढा आणि वैशाखात दगड. केरळात नैर्ऋत्य मोसमी पावसामागोमाग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस भरपूर पडतो, त्यामुळे कोरडा काळ आखूड राहतो, आणि नद्या सपाटीवर आल्या की वेंबनाडसारख्या विस्तीर्ण पाणथळीत पसरतात. पंबाही तिथेच जाते. वर्षाचा एकूण पाऊस मोजून मासा जगत नाही, पावसाविना गेलेल्या सलग महिन्यांची लांबी त्याचे भवितव्य ठरवते. सह्याद्रीत दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना सदाहरित वृक्षांच्या आणि बेडकांच्या जाती कमी होत जातात, त्यामागेही अभ्यासक याच लांबत जाणाऱ्या कोरड्या काळाला मोठे महत्त्व देतात.

डोह तर उरतात ना, मग त्यात हा एवढासा मासा का राहू नये? कागदावर राहावा. पण मेमधला डोह म्हणजे आकसत गेलेले, तापलेले, प्राणवायू कमी झालेले पाणी, आणि ओढ्यातले सगळे खाणारे-खाल्ले जाणारे जीव त्या एका जागी दाटलेले. मरळसारखे हवा घेणारे मासे तिथे शिकार करतात, बगळे आणि खंड्या वरून टपलेले असतात, खेकडे खालून. पोट फुगवणे हा बचाव पाच-सहा इंचांच्या माशाला उपयोगी पडतो. अडीच सेंटिमीटरचा मासा फुगला तरी बगळ्याच्या घशात मावतो. त्याचा खरा आसरा म्हणजे वनस्पतींची दाटी, आणि नेमकी तीच इथे नाही. एखाद्या वर्षी, एखाद्या डोहात तो तगेलही. पण जातीला तगायचे तर अशी हजारो वर्षे सलग जावी लागतात, आणि एक पक्का दुष्काळ सगळे पुसून टाकायला पुरतो.

डोंगराची वाट बंद, मग समुद्राची? दमणगंगेची लांबी सुमारे 130 किलोमीटर, उगम नाशिक जिल्ह्यात आणि मुख दमणजवळ अरबी समुद्रात. कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावर फुगे मासे मुबलक आहेत. मच्छीमार त्यांना केंड म्हणतात आणि जाळी कुरतडण्याबद्दल त्यांच्यावर वैतागलेले असतात. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या अभ्यासात कर्नाटक-केरळच्या किनाऱ्यावर अशा एका जातीचा सुळसुळाट झाल्याचे आणि त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांची घट हे त्याचे संभाव्य कारण असल्याचे मांडले गेले आहे. खाडीतून भरतीच्या पाण्यासोबत आत येणाऱ्या जातीही आहेत. मग त्यांच्यातली एखादी हळूहळू गोड्या पाण्याला सरावून वर का आली नाही? जगात असे घडलेले आहे, आणि एकदाच नव्हे. 2011 मध्ये यामानोवे आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी या कुळाच्या मायटोकाँड्रियातील जनुकांची तुलना करून दाखवले की आग्नेय आशिया, मध्य आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका या तीन ठिकाणी फुगे मासे स्वतंत्रपणे गोड्या पाण्यात शिरले. आशियातला प्रवेश सर्वांत जुना, 7.8 ते 4.8 कोटी वर्षांपूर्वीचा, आफ्रिकेतला 3.8 ते 1.7 कोटी वर्षांपूर्वीचा, आणि ॲमेझॉनमधला गेल्या एक कोटी वर्षांतला. ही ठिकाणे पाहिली की एक साम्य लक्षात येते. मेकाँग, काँगो, ॲमेझॉन या सगळ्या अफाट, सपाट, संथ नद्या. खारे पाणी गोडे होत जाण्याचा पट्टा तिथे लांबलचक, आणि त्यातल्या प्रत्येक टप्प्यावर पिढ्यांना सरावायला अवकाश. सह्याद्रीतून उतरणाऱ्या आखूड, उताराच्या नदीत तो अवकाश मिळत नाही. भरतीची हद्द संपली की थोड्याच अंतरावर खडक सुरू होतात.

यावर एक बारकाईची हरकत येते, आणि ती गंभीर आहे. वेंबनाड तर संथ आणि सपाट आहे, मग केरळचा मासा तिथल्याच समुद्रातून आत आला असेल, त्यासाठी उत्तरेचा विचार कशाला? याचे उत्तर त्याच्या नातलगांत आहे. त्याच प्रजातीतली आणखी एक जाती, इमिटेटर, 1999 मध्ये ब्रिट्झ आणि कोटेलाट यांनी वेगळी ओळखली, तीही पश्चिम घाटातलीच. प्रजातीतल्या बाकीच्या जाती मेकाँग, चाओ फ्राया, बोर्नियो आणि सुमात्रा अशा आग्नेय आशियाई गोड्या पाण्यात आहेत. केरळच्या किनाऱ्यावरचे खारे फुगे मासे त्यांचे जवळचे भाऊबंद नाहीत. म्हणजे पंबेतला मासा हा आशियाच्या गोड्या पाण्यातल्या जुन्या घराण्याचा वारस आहे आणि त्याचे पूर्वज जमिनीवरच्या पाण्यानेच भारतात आले. भारताचा भूखंड आशियाला भिडला तो सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी, तेव्हा हे घराणे गोड्या पाण्यात स्थिरावलेले असण्याची शक्यता मोठी आहे.

डोंगराच्या वाटेने नाही आणि समुद्राच्याही नाही, तर उरते ती सखल, दमट पाणथळींची वाट. ती कल्पनेतली नाही. हरसूलच्या उत्तरेला, सुरत जिल्ह्यातल्या वस्तान इथल्या लिग्नाइटच्या खाणीत पाच कोटी वर्षांहून थोडा अधिक जुना राळेचा अंबर सापडला आहे. 2010 मध्ये त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही राळ डिप्टेरोकार्प कुळातल्या झाडांची आहे, आज या कुळातली महाकाय झाडे बोर्नियो-मलायाच्या दमट जंगलांत आणि दक्षिण सह्याद्रीत दिसतात. त्या अंबरात अडकलेले कीटकही इतर खंडांशी नाते सांगतात. म्हणजे आज जिथे साग आणि पळस उन्हाळ्यात पाने गाळून उभे असतात, त्याच्या उंबऱ्यापाशी एके काळी बारमाही ओली जंगले आणि दलदली होत्या. असा ओला पट्टा द्वीपकल्पावर दूरवर पसरलेला असताना संथ पाण्यातला मासा एका पाणथळीतून दुसरीत, पुरात मिसळणाऱ्या मैदानी ओढ्यांतून सरकू शकतो. त्याला डोंगर चढावा लागत नाही. पुढे हवामान कोरडे होत गेले. 80 लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास उपखंडाच्या उत्तर भागात गवताळ प्रदेश झपाट्याने वाढल्याच्या खुणा मातीत मिळतात, पावसाळा आणि कोरडा काळ यांतली दरी रुंदावली. ओला पट्टा दक्षिणेकडे आक्रसला आणि त्यासोबत फुगा मासाही. मधले दुवे सुकून गेले. हरसूलची रिकामी जागा हा त्या सुकण्याचाच भाग आहे.

सातपुडा सिद्धांतावर अलीकडे टीका झाली आहे. 2001 मध्ये रणजित डॅनियल्स यांनी पश्चिम घाटाच्या स्थानिक माशांच्या आधारे, आणि 2003 मध्ये प्रवीण कारंत यांनी वंशवृक्षांच्या आधारे हा विषय नव्याने तपासला. अशा तुटक विस्तारामागे स्थलांतर असते की जुन्या सलग विस्ताराचे तुकडे, हे प्रत्येक गटासाठी वेगळे तपासावे लागते, ही कारंतांच्या मांडणीतली दृष्टी मला पटते. फुग्या माशाबाबत मी तुकड्यांच्या बाजूने आहे. होरांचे श्रेय यामुळे घटत नाही. केरळ आणि मलाया यांच्यामधली ही रिकामी जागा स्पष्टीकरण मागते, हे त्यांनीच आधी ठासून सांगितले.

गंगेच्या मैदानातला कटकुटिया फुगा मासा माझ्या मांडणीला आधार देतो. 1822 मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेतल्या माशांच्या ग्रंथात त्याचे वर्णन केले, बंगालीत त्याला टेपा म्हणतात. तो भातशेतीच्या तळ्यांत, खाचरांत, सपाटीच्या संथ पाण्यात राहतो, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांपासून ओडिशापर्यंत. गोड्या पाण्यातला फुगा मासा भारतात कुठल्या प्रकारच्या भूमीवर पसरतो हे तो आजही दाखवतो. विषाबद्दलही त्याच्याकडून काही कळते. फुगू या जपानी फुग्या माशाचे टेट्रोडोटॉक्सिन हे विष माशाच्या शरीरात मुळात तयार होत नाही, ते जिवाणूंकडून अन्नसाखळीतून येते. बांगलादेशातल्या गोड्या पाण्यातल्या फुग्या माशांत मात्र सॅक्सिटॉक्सिनसारखी विषे आढळली आहेत. म्हणजे पाणी बदलले की कुळाचे शस्त्रही बदलते, आणि याही बाबतीत मासा आपल्या पाण्याला बांधलेला असतो.

शेवटची हरकत भविष्यातून येते. नाशिक जिल्ह्यात आज बारमाही स्थिर पाणी आहे. दारणा धरण 1916 चे, त्यानंतर गंगापूर, वैतरणा आणि इतर अनेक. दमणगंगेवर खाली मधुबन आहे, आणि दमणगंगा-पिंजाळ नदीजोड योजनेत भूगड आणि खारगीहिल ही धरणे याच डोंगरपट्ट्यात प्रस्तावित आहेत. केरळचा हा मासा शोभेच्या माशांच्या बाजारात जगभर विकला जातो, त्यातला मोठा भाग नद्यांतून पकडलेला असतो, आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो असुरक्षित गटात आहे. मग त्याला इथल्या जलाशयांत सोडून त्याचा वंश का वाचवू नये? मला ही कल्पना घातक वाटते. जलाशयाची पातळी दर उन्हाळ्यात खाली जाते, काठावरची हिरवळ उघडी पडते, आणि तिथे तिलापिया आधीच माजलेला असतो. उजनी धरणात तिलापिया आणि सकर माशाने काय केले ते भीमाकाठचे मच्छीमार सांगतात. शिवाय दारणेतला प्रेटेरी मासा आज नामशेष होण्याच्या अगदी कडेवर मानला जातो. त्याच्या शेजारी परका, चावरा, दुसऱ्यांचे पर कुरतडणारा मासा सोडणे म्हणजे एका जातीच्या नावाखाली दुसरीवर घाव. फुग्या माशाला वाचवायचे तर ते पंबा, चालकुडी आणि त्यांच्या पाणथळी वाचवूनच.

माझी मांडणी खोटी ठरू शकते, आणि ती कुठे खोटी ठरेल हेही सांगता येते. फुग्या माशाच्या दातांच्या पट्ट्या अतिशय कठीण असतात, मऊ अंग सडले तरी त्या गाळात टिकतात. वस्तानच्या थरांतून माशांचे दात आणि कानातले खडे याआधीच मिळाले आहेत. तिथल्या किंवा नर्मदा-तापीच्या काठच्या जुन्या गोड्या पाण्याच्या गाळात ही चोच सापडली, तर ओल्या पट्ट्याचा विचार भक्कम होईल. उलट ती सातपुड्याच्या उंच ओढ्यांच्या गोट्यांत, चिकटणाऱ्या माशांच्या अवशेषांसोबत मिळाली, तर होरांची वाट मलाही मान्य करावी लागेल. चाळायला बारीक जाळीची चाळणी हवी, कारण अडीच सेंटिमीटरच्या माशाची चोच तांदळाच्या कणीएवढी असते.